वित्त विषयातील पदव्युत्तर शिक्षण: एम.एम.एस., एम.कॉम. की सीएफए?

प्रश्न: कृष्णाकाठची

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील असून शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. पदवी प्रथम श्रेणीत मिळवल्यानंतर सांगलीतच एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात नोकरी करते. टॅलीतील नोंदी, जीएसटीची विवरणपत्रे, कुपवाड एमआयडीसीतील लहान कारखानदारांची प्राप्तिकर विवरणपत्रे आणि बँकेकडून कर्ज घेण्यासाठी लागणारा सीएमए डेटा तयार करणे, हे माझे रोजचे काम आहे. सी.ए. करण्याचा विचार मी पूर्णपणे बाजूला ठेवला आहे, कारण लेखापरीक्षणात माझे मन रमत नाही हे कार्यालयात राहूनच माझ्या लक्षात आले. त्यामुळे त्याविषयी सल्ला देऊ नये, ही विनंती.

मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. एकाच प्रकारचा माल बनवणाऱ्या दोन कारखान्यांपैकी कमी नफा असलेल्याला बँक कॅश क्रेडिटची, म्हणजे रोजच्या व्यवहारासाठी लागेल तसे उचलता येणाऱ्या कर्जाची, मर्यादा वाढवून देते आणि जास्त नफा दाखवणाऱ्याला नकार देते, तेव्हा त्यामागचे गणित काय असते, हे मला नीट शिकायचे आहे. पुढे पतमूल्यांकन (कर्जदाराची परतफेडीची क्षमता तपासणे), गुंतवणुकीचे विश्लेषण किंवा एखाद्या कंपनीच्या वित्त विभागात काम करण्याची इच्छा आहे.

माझ्यासमोर सध्या तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे सीईटी देऊन मुंबई किंवा पुण्यात वित्त विषय घेऊन एम.एम.एस. अथवा एम.बी.ए. करणे. दुसरा म्हणजे नोकरी चालू ठेवून बहिःस्थ पद्धतीने एम.कॉम. करणे आणि त्याच काळात सीएफए या गुंतवणूक विश्लेषकांच्या परीक्षेची पहिली पातळी देणे. तिसरा म्हणजे एम.एस्सी. फायनान्ससारखा अभ्यासक्रम, ज्याविषयी मला फारशी माहिती नाही. माझ्या मामांचे म्हणणे असे आहे की, पुण्यातील कोणत्याही खासगी संस्थेत कर्ज काढून प्रवेश घ्यावा, एम.बी.ए. झाले की नोकरी मिळतेच. बाबांची थोडी शेती आहे, ऊस सहकारी कारखान्याला जातो आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या बरेच खाली आहे, त्यामुळे कर्जाचा आकडा ऐकूनच घरात शांतता पसरते. आणखी एक अडचण म्हणजे बारावीला मी गणित घेतले नव्हते.

यापैकी कोणता मार्ग कोणत्या कामाकडे नेतो, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास फार मदत होईल.

उत्तर १: तारणगहाण

मी राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो आहे, म्हणून आपल्या प्रश्नातील त्या दोन कारखान्यांपासूनच सुरुवात करतो.

सीएमए डेटाचे जे तक्ते आपण भरता, त्यांचा उगम रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये नेमलेल्या टंडन समितीच्या शिफारशींत आहे. कारखान्याने कच्चा माल, अर्धवट तयार माल आणि उधारी यांत किती पैसा अडकवणे वाजवी आहे आणि त्यातील किती भार बँकेने उचलावा, याचे सूत्र त्या समितीने मांडले. तिच्या दुसऱ्या पद्धतीप्रमाणे एकूण चालू मालमत्तेपैकी किमान पंचवीस टक्के रक्कम कर्जदाराने दीर्घ मुदतीच्या स्रोतांतून आणायची असते आणि त्यातूनच चालू गुणोत्तर, म्हणजे चालू मालमत्ता भागिले चालू देणी, १.३३ असावे हा निकष आला, जो आजही शाखेत पाठ म्हणून म्हटला जातो. पुढे नायक समितीने लघुउद्योगांसाठी अंदाजित उलाढालीच्या वीस टक्के खेळते भांडवल ही सोपी पद्धत सुचवली. जास्त नफा दाखवणाऱ्या कारखान्याला नकार मिळतो तो बहुधा अशासाठी की, त्याचा नफा सहा महिने वसूल न झालेल्या उधारीत असतो, किंवा खेळत्या भांडवलाचा पैसा त्याने गाळा बांधण्यात घातलेला असतो. नफा-तोटा पत्रकात हे दिसत नाही. सलग दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवून पैसा कोठून आला आणि कोठे गेला, हे पाहिले की लगेच दिसते.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, आपण वित्त विषयाच्या दारात उभ्या नाही, त्याच्या एका खोलीत केव्हाच येऊन बसला आहात. पदव्युत्तर अभ्यासक्रमात कॉर्पोरेट फायनान्स नावाने जे शिकवतात, त्यातील खेळत्या भांडवलाचा भाग आपण हाताने करता. राहिलेले दोन मोठे भाग म्हणजे दीर्घकालीन गुंतवणुकीचे निर्णय आणि भांडवलाची रचना. यंत्र घ्यावे की नाही, त्यासाठी कर्ज काढावे की भागभांडवल वाढवावे, भांडवलाचा सरासरी खर्च किती पडतो, हे प्रश्न त्यात येतात.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. वित्त ही एक नोकरी नाही. पतमूल्यांकन, शेअर आणि रोखे यांचे विश्लेषण, बँकेची ट्रेझरी (निधी सांभाळणारा विभाग), जोखीम व्यवस्थापन, कंपनीतील अर्थसंकल्प आणि निधीचे नियोजन ही सगळी कामे वेगवेगळ्या स्वभावाची आहेत. सीएफएचा अभ्यासक्रम मुख्यतः गुंतवणूक विश्लेषकांसाठी आखलेला आहे आणि कुपवाडमधील फाउंड्रीच्या कॅश क्रेडिटविषयी तो जवळजवळ काहीच बोलत नाही. आपले कुतूहल ज्या प्रश्नाचे आहे, तो पतमूल्यांकनाचा प्रश्न आहे. त्याला सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे चांगल्या संस्थेतील एम.एम.एस. किंवा एम.बी.ए. करून बँकेच्या कॉर्पोरेट कर्ज विभागात अथवा पतमानांकन संस्थेत शिरणे. पुण्यात रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने १९६९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था आहे, तिचा बँकिंग आणि वित्तीय सेवांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही याच अंगाने पाहण्यासारखा आहे.

मामांच्या सल्ल्यातील ‘कोणत्याही’ हा शब्द मात्र मी खोडून टाकला असता.

उत्तर २: चर्चगेट_लोकल

मी मुंबईत एम.एम.एस. केले असून सध्या एका कंपनीच्या ट्रेझरीत काम करतो. ताई, तारणगहाण सरांनी कामाची बाजू सांगितली आहे, मी प्रवेशाची आणि आतल्या दोन वर्षांची सांगतो.

मुंबई विद्यापीठात ज्याला एम.एम.एस. म्हणतात, तीच पदवी इतर विद्यापीठांत एम.बी.ए. म्हणून मिळते, त्यामुळे नावाच्या फरकात अडकू नये. राज्याच्या सीईटी कक्षाच्या परीक्षेत दोनशे प्रश्नांसाठी दीडशे मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट. तर्कावर पंचाहत्तर, आकृत्यांवरील तर्कावर पंचवीस, अंकगणितावर पन्नास आणि इंग्रजीवर पन्नास प्रश्न येतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. बारावीला गणित नसल्याची भीती येथे फारशी लागू पडत नाही, कारण शेकडेवारी, गुणोत्तर, व्याज, काळ-काम-वेग एवढेच अंकगणित दहावीच्या पातळीवर पुरते. कस लागतो तो वेगाचा. नमुना बदलू शकतो, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका मात्र स्वतः वाचावी.

वरच्या पर्सेंटाइलला चर्चगेटची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था असते. ती मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या व्यवस्थापन विद्याशाखेच्या सहकार्याने सुरू केली. जवळच सिडनेहॅमची व्यवस्थापन संस्था आहे आणि पुण्यात विद्यापीठाचा स्वतःचा व्यवस्थापन विभाग, म्हणजे पुम्बा. या संस्थांत शिरणे अवघड असले तरी तेथे भरती करायला येणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात, हे मान्य करावेच लागेल. जमनालाल बजाजमध्येच एम.एस्सी. फायनान्सही आहे. एम.एम.एस.च्या पहिल्या वर्षी विपणन, मनुष्यबळ, उत्पादन व्यवस्थापन असे सगळेच विषय शिकावे लागतात आणि वित्ताचे विशेषीकरण पुढे येते. एम.एस्सी.त वित्त आणि संख्याशास्त्र सुरुवातीपासून असते. अर्थशास्त्राकडे कल असेल तर पुण्याच्या गोखले संस्थेत फायनान्शियल इकॉनॉमिक्सची एम.एस्सी. आहे, मात्र तिच्यासाठी गणिताची तयारी खरोखरच भक्कम हवी.

खासगी संस्थांच्या बाबतीत एकच गोष्ट तपासायला सांगतो. माहितीपत्रकात सर्वोच्च पॅकेज ठळक अक्षरांत असते, त्याने काहीही कळत नाही. वित्त शाखेच्या विद्यार्थ्यांचे मध्यक वेतन किती, किती जणांना नोकरी मिळाली आणि पदनाम काय होते, हे विचारावे. ‘रिलेशनशिप मॅनेजर’ या पदनामाखाली अनेकदा शाखेत बसून विमा आणि म्युच्युअल फंड विकण्याचे काम असते. ते काम हलके आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही, परंतु त्यासाठी दोन वर्षे भांडवलाचा खर्च काढायला शिकण्याची गरज नसते. संस्थेने ही माहिती द्यायला टाळाटाळ केली, तर मागील तुकडीतील मुलामुलींना लिंक्डइनवर शोधून ती आता काय करतात ते पाहावे. तासाभराचे काम आहे.

दोन वर्षांतला सर्वांत निर्णायक काळ म्हणजे पहिल्या वर्षानंतरची उन्हाळी इंटर्नशिप. वर्गात मागे बसणारी, पण इंटर्नशिपमध्ये एक मॉडेल नीट उभे करून दाखवणारी मुले तेथेच नोकरीला लागलेली मी पाहिली आहेत.

कृष्णाकाठची

दोघांचेही मनापासून आभार. तारणगहाण सर, आपण उधारीविषयी लिहिलेले वाचून आमच्या कार्यालयातील दोन फायली पुन्हा उघडून पाहिल्या आणि गाळा बांधणारा कारखानदार खरोखरच सापडला.

दोन शंका राहतात. पहिली, सीएफए ही पदवीला पर्याय ठरते का? दुसरी, सध्या मला महिना १८,००० रुपये मिळतात आणि ते दोन वर्षे बंद होणार, तर हा सगळा खर्च भरून निघतो की नाही हे कसे ठरवायचे?

उत्तर ३: चक्रवाढ

दुसऱ्या शंकेचे उत्तर वित्ताच्या पहिल्या सत्रातच शिकवले जाते, तर ते आपल्यालाच लावून पाहू. आकडे मी गृहीत धरलेले आहेत, त्यांच्या जागी आपले खरे आकडे घालावेत.

समजा खासगी संस्थेची दोन वर्षांची फी सहा लाख आहे. घरी राहण्यापेक्षा मुंबई-पुण्यात महिना १२,००० रुपये जास्त लागले, तर दोन वर्षांत २,८८,०००. बुडालेला पगार १८,००० गुणिले चोवीस, म्हणजे ४,३२,०००. बहुतेक लोक हा तिसरा आकडा धरतच नाहीत, कारण तो खिशातून जाताना दिसत नाही. एकूण १३,२०,०००. आता ही रक्कम दहा टक्के दराने पुढील दहा वर्षांत परत मिळवायची असेल, तर दहा वर्षांच्या वार्षिकीचा गुणक, म्हणजे दहा वर्षे दरवर्षी मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत, सुमारे ६.१४५ येतो आणि त्याने भागल्यास वर्षाला साधारण २,१५,०००, म्हणजे महिन्याला १७,९०० रुपये जास्त मिळायला हवेत. येथे ‘जास्त’ कशापेक्षा, हे महत्त्वाचे. शिकला नसता तरी दोन वर्षांनी आपला पगार समजा २२,००० झालाच असता, म्हणजे पदवीनंतर हातात जवळपास ४०,००० रुपये येणार नसतील, तर त्या संस्थेचे निव्वळ वर्तमान मूल्य उणे आहे, म्हणजे खर्च भरून निघत नाही. खर्च दोन वर्षांत विभागलेला असतो आणि पगार पुढे वाढत जातो, म्हणून हे गणित ढोबळच आहे, पण मामांसमोर ठेवायला पुरेसे आहे.

आता यातला सर्वांत मोठा बदल घडवणारी बाब सांगतो. राज्य शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयाप्रमाणे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांचा पूर्ण लाभ मिळतो. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेऱ्यांतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला आणि खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना तो लागू नाही. अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा असतो. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही आहे, तिच्या अटी पाहून घ्याव्यात. शिक्षण शुल्काखेरीज विकास शुल्क, खानावळ आणि राहणे उरतेच, तरी वरच्या गणितातले सहा लाख जवळजवळ गळून पडले, तर एकूण खर्च ७,२०,००० उरतो आणि महिन्याला जास्तीचे सुमारे ९,८०० रुपये पुरतात. तेच शिक्षण, तीच संस्था, फक्त प्रवेश कोणत्या दाराने झाला एवढ्यावर निर्णय उलटा होतो. म्हणून उत्पन्नाचा दाखला आणि प्रवर्गाचे प्रमाणपत्र तहसील कार्यालयातून आताच काढून ठेवावे, कॅपच्या तारखा जाहीर झाल्यावर तेथे रांग असते.

कर्ज घ्यावेच लागले तर एक हिशेब ध्यानात असू द्या. सहा लाखांचे कर्ज दोन वर्षांत निम्मे-निम्मे उचलले, व्याज साडेदहा टक्के आणि परतफेड अभ्यासक्रमानंतर एका वर्षाने सुरू, असे धरले तर तोपर्यंत सरळव्याजानेच १,५७,५०० रुपये साचतात. मग सात वर्षांचा हप्ता १०,१०० ऐवजी सुमारे १२,८०० रुपये होतो. शिकत असतानाच व्याज भरत राहिल्यास हा फरक टळतो. जुन्या करप्रणालीत या व्याजाची वजावट आठ वर्षे मिळते आणि नव्या प्रणालीत मिळत नाही, हे आपल्याला कार्यालयात बसून ठाऊक असेलच.

सीएफएविषयी थोडक्यात. ती पदवी नाही. अमेरिकेतील सीएफए इन्स्टिट्यूट ही संस्था तीन पातळ्यांची परीक्षा घेते आणि तिन्ही उत्तीर्ण झाल्यावरही सनद मिळण्यासाठी किमान छत्तीस महिन्यांत चार हजार तासांचा संबंधित कामाचा अनुभव दाखवावा लागतो. पहिल्या पातळीत दोन सत्रांत मिळून १८० बहुपर्यायी प्रश्न असतात. नुसती पहिली पातळी उत्तीर्ण असल्याने मुलाखतीचे बोलावणे येण्यास थोडी मदत होते, त्याहून अधिक काही नाही. शुल्क डॉलरमध्ये असल्याने रुपया घसरला की आपोआप वाढते. मात्र विषय म्हणून त्यातील आर्थिक विवरणपत्रांच्या विश्लेषणाचा भाग अतिशय उत्तम आहे आणि तो आपल्याला इतरांपेक्षा सोपा जाईल. माझे मत असे की, चांगली संस्था मिळाली तर पहिल्या वर्षानंतर पहिली पातळी द्यावी. संस्था आणि सीएफए एकमेकींच्या जागी बसत नाहीत.

उत्तर ४: रसायनी_मार्गे

कोणी उल्लेख केला नाही म्हणून लिहितो. सेबीने २००६ मध्ये स्थापन केलेल्या राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेचा, म्हणजे एनआयएसएमचा, परिसर रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे आणि तेथे भांडवली बाजारावर केंद्रित असे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतात. शेअर बाजार, रोखे, अनुपालन, संशोधन या बाजूला जायचे असेल तर मुंबईच्या गर्दीत न राहताही शिकता येते. ताईंचे कुतूहल कर्जाच्या बाजूचे दिसते, त्यामुळे पहिली पसंती म्हणून सुचवत नाही. पण संस्थेच्या प्रमाणपत्र परीक्षा, उदाहरणार्थ रिसर्च अॅनालिस्टची, नोकरी करतानाही देता येतात आणि त्यांचा खर्च सीएफएच्या मानाने नगण्य आहे.

उत्तर ५: फळा_आणि_खडू

मी वाणिज्य महाविद्यालयात शिकवते. वरील चर्चेत एम.कॉम.ला फारच लवकर बाजूला सारले गेले, असे मला वाटते.

एम.कॉम. कॅम्पस भरतीसाठी उपयोगी नाही, हे खरे. परंतु ती कोणाला उपयोगी आहे, हेही पाहिले पाहिजे. सेबीच्या ‘अ’ श्रेणी अधिकारी पदाच्या सर्वसाधारण शाखेसाठी कोणत्याही विषयातील पदव्युत्तर पदवी चालते आणि वयोमर्यादा तीस वर्षांची आहे. रिझर्व्ह बँकेच्या ‘ब’ श्रेणीसाठी साठ टक्क्यांची पदवी पुरते, पण दुसऱ्या टप्प्यात वित्त आणि व्यवस्थापन हा स्वतंत्र पेपर असतो आणि त्याची तयारी एम.कॉम.च्या अभ्यासाबरोबर बरीचशी होऊन जाते. पंचावन्न टक्के मिळवून नेट किंवा महाराष्ट्र व गोवा यांच्यासाठी पुणे विद्यापीठ घेते ती सेट उत्तीर्ण झाल्यास महाविद्यालयात शिकवण्याची पात्रता येते, जरी कायम पदांची भरती किती रखडते हे आम्हा शिक्षकांना विचारू नये. नोकरी न सोडता हे सर्व होते. चक्रवाढ यांच्या गणितातील बुडालेल्या पगाराचा रकाना येथे शून्य असतो, याकडे त्यांचे लक्ष वेधते. तेव्हा सीईटीत हवी ती संस्था न मिळाल्यास दुय्यम संस्थेत जाण्यापेक्षा एम.कॉम. आणि या स्पर्धा परीक्षा, हा मार्ग मी अधिक शहाणपणाचा मानते.

गणिताच्या भीतीविषयी मात्र मी चर्चगेट_लोकल यांच्याशी अर्धीच सहमत आहे. सीईटीपुरते अंकगणित पुरेल, आतल्या अभ्यासाला पुरणार नाही. १९५२ मध्ये हॅरी मार्कोविट्झ यांनी गुंतवणुकीची जोखीम मोजण्यासाठी परताव्यांचे प्रमाण विचलन आणि सहविचलन वापरले, आणि तेव्हापासून हा विषय संख्याशास्त्राच्या भाषेत बोलतो. बाजाराच्या चढउताराबरोबर एखादा शेअर किती हलतो हे सांगणारा बीटा म्हणजे समाश्रयण (रिग्रेशन) रेषेचा उतार, हे ज्याला दिसत नाही, तो विद्यार्थी सूत्र पाठ करतो आणि तोंडी परीक्षेत अडकतो. तुम्ही बी.कॉम.ला व्यवसाय संख्याशास्त्र शिकला असाल. तीच वही काढावी आणि माध्य, प्रमाण विचलन, सहसंबंध, समाश्रयण एवढे चार धडे एक्सेलमध्ये स्वतः सोडवावेत. कलन आणि मॅट्रिक्स लागतील तेव्हा पाहता येतील.

आणि एक अभ्यास सुचवते. तुमचे बाबा कारखान्याचे सभासद असतील तर वार्षिक सभेपूर्वी येणारा अहवाल घरी असणारच. मागील तीन-चार वर्षांचे अहवाल जमवा. साखर कारखान्याचा पैसा कसा फिरतो, हे पतमूल्यांकनाच्या विद्यार्थ्यासाठी सर्वांत चांगले उदाहरण आहे आणि ते सांगलीकरांच्या अंगणात आहे. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून चार-पाच महिने चालते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे एफआरपीची, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या रास्त व किफायतशीर दराची, रक्कम ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत द्यायची असते आणि उशीर झाल्यास पंधरा टक्के व्याज लागते. साखर मात्र केंद्राने ठरवून दिलेल्या मासिक कोट्याप्रमाणे वर्षभर विकली जाते. म्हणजे पैसा हंगामात जातो आणि वर्षभरात परत येतो. मधली दरी भरण्यासाठी कारखाना साखरेची पोती बँकेकडे तारण ठेवून कर्ज उचलतो. साखरेचा भाव उतरला की तारणाचे मूल्य उतरते, उचल कमी मिळते आणि नेमकी त्याच वेळी शेतकऱ्याची देणी थकतात. व्याजाचा खर्च, साठ्याचे मूल्यांकन आणि ऊस पुरवठादारांची देणी हे तीन आकडे ओळीने तीन वर्षे मांडून पाहिल्यास कोणता कारखाना अडचणीत जाणार, हे आधीच कळू लागते. एम.एम.एस.च्या मुलाखतीत हा तक्ता घेऊन बसलेल्या मुलीला ‘वित्तच का?’ हा प्रश्न विचारला जाणार नाही.

उत्तर ६: तारणगहाण

मॅडमनी साखरेचा विषय काढला म्हणून एक पुस्ती जोडतो. साठ्याचे मूल्य पाहताना अहवालाच्या शेवटी असलेली लेखापरीक्षकांची शेरेवजा टिपणेही वाचावीत. साखर कोणत्या दराने धरली आहे, ते तेथे किंवा लेखाविषयक धोरणांत लिहिलेले असते. केंद्राने २०१९ मध्ये कारखान्याच्या दारातील किमान विक्री दर किलोला ३१ रुपये केला होता, तेव्हा त्या हंगामाच्या अहवालात साठा त्याहून बराच जास्त दराने धरलेला दिसला, तर कारण शोधावे. सहवीजनिर्मिती आणि इथेनॉल असलेल्या कारखान्यांचे आकडे नुसती साखर करणाऱ्यांशी थेट ताडून पाहू नयेत, कारण इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून साखरेच्या मानाने लवकर येतात आणि खेळत्या भांडवलाचे चक्रच आखूड होते.

कृष्णाकाठची

मॅडम, घरात चार वर्षांचे अहवाल निघाले आहेत, मात्र एका वर्षाच्या अहवालात ऊस पुरवठादारांची देणी स्वतंत्र दाखवलेली नसून ‘इतर देणी’ या एकाच ओळीत मिसळलेली आहेत. सीईटीची नोंदणी सुरू होईल तेव्हा मी अर्ज भरणार आहे आणि बहिःस्थ एम.कॉम.च्या प्रवेशाची तारीखही पाहून ठेवली आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बाबा सोमवारी तलाठी कार्यालयात जाणार आहेत. तोपर्यंत त्या मिसळलेल्या ओळीतून एफआरपीची थकबाकी वेगळी कशी काढायची, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर ७: फळा_आणि_खडू

त्या वर्षी किती टन ऊस गाळला आणि टनाला किती दर जाहीर केला, हे अहवालाच्या सुरुवातीच्या मनोगतात असते. त्यांचा गुणाकार करून एकूण देय ऊसबिल काढावे. तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतूनच वळता होतो, तो वजा करायला विसरू नये. उरलेल्या रकमेतून हंगामात प्रत्यक्ष दिलेली बिले वजा केल्यास थकबाकीचा अंदाज मिळेल. शिवाय साखर आयुक्तालय हंगामात कारखानानिहाय थकीत एफआरपीचे तक्ते काढते, त्यांच्याशी तो ताडून पाहावा. दोन्हींत मोठी तफावत आढळली, तर प्रथम तारखा पाहाव्यात, कारण अहवाल ३१ मार्चचा असतो आणि आयुक्तालयाचा तक्ता बहुधा दुसऱ्याच दिवसाचा.